घळीआडचे गाव

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्वेर नगरीचा अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी व्होल्गा नदीने खाली उतरून, कास्पियन समुद्र आणि इराणचा मुलूख ओलांडून, अखेर आपल्या कोकणात चौलच्या बंदरी लागला आणि घाट चढून जुन्नरला जाऊन राहिला, ही हकिकत मराठी वाचकाच्या कानावरून गेलेली असते. परंतु त्या प्रवासाच्या अगदी आरंभी, काझान शहर येण्याआधी, त्याच्या होडीच्या उजव्या हाताला अरण्याने झाकलेला जो उंच काठ कित्येक कोस सोबत चालला होता, त्या काठामागे कोण लोक राहतात, काय पेरतात आणि कोणती भाषा बोलतात, याविषयी त्याच्या लिखाणात एक अक्षर सापडत नाही. यात निकितीनचा दोष फारसा नाही. तो काठ चुवाश लोकांचा, आणि जुने चुवाश गाव नदीवरून जाणाऱ्याच्या नजरेस पडू नये अशाच बेताने वसलेले असे.

हे चुवाश लोक आज रशियन संघराज्यातील चुवाशिया या प्रजासत्ताकात राहतात. क्षेत्रफळ 18,300 चौरस किलोमीटर, लोकसंख्या बारा लाखांच्या आत, उत्तरेला व्होल्गा, पश्चिमेला सुरा, आणि मधून वळणे घेत जाणाऱ्या थोरल्या व धाकट्या त्सिविल नद्या, एवढ्यात त्या प्रदेशाच्या चतुःसीमा आटोपतात. राजधानीला जग चेबोक्सारी म्हणते. चुवाश स्वतः शुपाशकर म्हणतात. मात्र राजधानीवरून या देशाची पारख करू नये. त्याचा जीव सतराशेच्या आसपास असलेल्या लहानमोठ्या खेड्यांत आहे, आणि त्या खेड्यांचा स्वभाव तेथील भूमीने घडविलेला आहे.

भूमी दिसायला सौम्य. डोंगर म्हणावा असा डोंगर नाही. पठाराची मंद चढउतार, राय आणि बटाट्याची शेते, मध्येच शिल्लक राहिलेली ओक, लिंडेन आणि बर्च यांची राई. पण या सौम्य पृष्ठभागाला जागोजागी खोल चिरा पडलेल्या आहेत. पाच महिने साचलेले बर्फ एप्रिलमध्ये एकदम वितळू लागले म्हणजे त्याचे पाणी मऊ मातीत वाट काढीत धावते, आणि जेथे पूर्वजांनी अरण्य तोडून शेत केले तेथे आज ओघळ, उद्या नाळ आणि नातवाच्या काळी साडेतीन पुरुष खोलीची घळ तयार होते. उत्तर भागातील राखी रंगाच्या वनमातीत हे विशेष. दक्षिणेकडे जमीन सपाट आणि काळी होत जाते. त्यानुसार लोकांतही दोन मुख्य भेद पडले आहेत. वरच्या अंगाचे ते विर्याल आणि खालच्या अंगाचे ते अनात्री. विर्यालांची गावे बारकी, घळींच्या काठांवर विखुरलेली, कित्येकदा पाचपन्नास घरांची; अनात्रींची गावे ऐसपैस, लांबच लांब.

उत्तरेकडील जुन्या गावाची रचना मोठी चमत्कारिक असे. घळीच्या तोंडाशी झरा, झऱ्याच्या वरच्या अंगाला एकाच कुळातील भाऊबंदांच्या घरांचा पुंजका, थोडे अंतर सोडून दुसऱ्या कुळाचा पुंजका, आणि रस्ता म्हणावे असे त्यांच्यामध्ये काहीच नाही. ज्याला जिथे सोयीचे वाटले तिथे त्याने ओंडके रचून घर उभे केले, दार उगवतीला ठेवले, आणि भोवती कुंपण घातले. गावाची माणसे वाढली की काही कुटुंबे उठून पुढच्या घळीवर नवी वाडी करीत, परंतु मूळ गावाशी असलेला जमिनीचा सामाईक हक्क सोडीत नसत; त्यामुळे एकाच शिवाराच्या भोवती आई-लेकींसारखी पाच-सहा गावे बसलेली आढळत. एकोणिसाव्या शतकात सरकारने आगीच्या भयास्तव आणि मोजणीच्या सोयीस्तव घरे सरळ ओळीत बांधण्याचे हुकूम काढले, तेव्हा कुठे या पुंजक्यांच्या गल्ल्या झाल्या. तरीही आजही एखाद्या गल्लीत एकाच आडनावाची घरे ओळीने लागली तर त्यामागे ती जुनी भाऊबंदकीच असते.

एवढे लपून राहण्याचे कारण काय? याचे उत्तर दफ्तरखान्यात शोधावे लागते. चुवाश हे व्होल्गाकाठच्या मध्ययुगीन बल्गार राज्याचे वारस मानले जातात. तेराव्या शतकात मंगोलांनी ते राज्य मोडले. मागाहून काझानच्या खानांचा अंमल बसला. 1551 साली या उजव्या काठच्या लोकांनी मॉस्कोच्या झारचे स्वामित्व पत्करले आणि पुढच्याच वर्षी काझान पडले. अंमलदार बदलले, वसुली तीच राहिली. यासाक या नावाचा सारा प्रथम मध, कातडी आणि धान्य या रूपाने व पुढे रोकडीने भरावा लागे. 1718 साली पीटर बादशहाने आरमारासाठी ओकवृक्ष तोडून ओढून नेण्याची वेठ या लोकांवर लादली. चेबोक्सारीच्या पाठीमागची ओकची वने ओसरू लागली ती त्या काळापासून. त्याच सुमारास यासाक भरणारी ही प्रजा 'सरकारी शेतकरी' या वर्गात जमा झाली, म्हणजे आपल्या जुन्या महसुली भाषेत सांगायचे तर ती खालसा रयत ठरली.

ही गोष्ट वरवर कोरडी दिसली तरी तिचे महत्त्व मोठे आहे. रशियन कुळ जमीनदाराच्या मालकीचे असे. धनी त्याला विकू शके, त्याचे लग्न ठरवू शके, त्याला वाड्यावर राबवू शके. चुवाश शेतकऱ्याचा धनी मात्र शेकडो कोस दूर असलेला सरकारी खजिना. गावात वाडा नाही, वाड्यावरचा कारभारी नाही, परक्या भाषेत बोलणारी मालकीण नाही. वर्षातून काही वेळा कारकून आणि दुभाषा येऊन नाडून जात, तेवढे सोसले की उरलेले वर्ष गाव आपल्या भाषेत जगायला मोकळे. जुलूम कमी होता असे म्हणण्याचा हेतू नाही; लाचखाऊ अंमलदारांविषयीच्या तक्रारींना त्या काळी अंत नव्हता. एवढेच की तो जुलूम घराच्या उंबरठ्याच्या आत शिरला नाही.

तो शिरेल अशी भीती वाटली तेव्हा या शांत लोकांनी काय केले, हे 1842 साली दिसले. सरकारी रयतेसाठी काउंट किसेल्योव्हने सुधारणा आखल्या होत्या. दुष्काळाच्या कोठारासाठी प्रत्येक गावाने काही जमीन सामाईक नांगरावी, असा त्यातला एक नियम होता. हेतू भला, पण अंमलबजावणी फटक्याची. आपल्याला जमीनदारांची कुळे करण्याचा हा डाव आहे, अशी वदंता गावोगाव पसरली आणि हजारो चुवाश व त्यांच्या शेजारचे मारी शेतकरी कोयत्या-काठ्यांनिशी आक्रामोवो गावाजवळ जमले. फौजेने गोळ्या झाडल्या. पकडलेल्यांना फटक्यांची शिक्षा आणि सैबेरिया. इतिहासात हे आक्रामोवोचे युद्ध म्हणून ओळखले जाते. त्याच वर्षांत रशियाच्या अनेक प्रांतांत जी बंडे झाली त्यांना बटाट्याची बंडे हे नाव पडले, कारण सामाईक जमिनीत सक्तीने बटाटा लावण्याचे फर्मान हेही असंतोषाचे एक मोठे निमित्त होते. ज्या कंदावरून एवढा दंगा झाला त्याच्यावाचून आज चुवाश घरचा एक दिवस जात नाही. सप्टेंबरात शहरात नोकरीला गेलेला मुलगा रजा टाकून गावी येतो तो बटाटे काढायला.

शेतीचे जुने वेळापत्रक तिपिकी. शिवाराचे तीन भाग. एकात हिवाळी राय, दुसऱ्यात उन्हाळी पिके, तिसरा पडीत. उन्हाळी पिकांत ओट, जव, वाटाणा, आणि त्यांच्या जोडीला एक असे धान्य ज्याचे नाव वाचून महाराष्ट्रातील शेतकऱ्याला आपलेपणा वाटावा. कारण चुवाश ज्याला पारी म्हणतात तो आपला खपली गहूच, त्याच जातीचा. दक्षिणेकडील जड काळ्या मातीत आकापुस नावाचा मोठा लाकडी नांगर चाले आणि तो ओढायला दोन घोडेही पुरत नसत. एकट्याच्या दावणीला इतके घोडे नसल्यामुळे शेजाऱ्यांनी घोडे एकत्र करून आळीपाळीने एकमेकांची शेते नांगरावी, ही वहिवाट आपोआप पडली. नांगरटीपुरतीच ती राहिली नाही. घर उभारायचे, राय कापायची, खत शेतावर न्यायचे, असे कोणतेही काम एका घराच्या आवाक्याबाहेर गेले की घरधनी गावाला निमे घालतो. निमे म्हणजे सरळ आपली इर्जिक. मजुरी नाही, काम संपल्यावर भरपेट जेवण आणि बिअर. ओंडक्यांच्या भिंती एका दिवसात छपरापर्यंत चढलेल्या पाहिल्या म्हणजे या बिनपगारी व्यवस्थेपुढे मुकादमाची हजेरीवही फिकी वाटते.

बिअरचा उल्लेख आला तो ओझरता सोडून चालणार नाही, कारण चुवाश गावाचा निम्मा धर्म आणि बराचसा समाजव्यवहार तिच्याभोवती फिरतो. तिला ते सारा म्हणतात. प्रत्येक अंगणात राहत्या घराखेरीज लास नावाची एक कच्ची झोपडी असे. जमीन मातीची, मध्ये उघडी चूल, आणि चुलीवर टांगलेली कढई. उन्हाळ्यात स्वयंपाक येथे, आणि बिअर गाळणेही येथेच. जव किंवा राय भिजवून मोड आणायचे, ते वाळवून भाजून भरडायचे, लाकडी पिंपाच्या तळाशी गवताच्या काड्यांची गाळणी रचून त्यावर हे पीठ आणि कढत पाणी घालायचे, खालच्या छिद्रातून निघालेला गोड, तपकिरी रस कढईत घालून हॉप्सच्या फुलांबरोबर उकळायचा, आणि निवल्यावर विरजण लावून झाकून ठेवायचा. दोन-तीन दिवसांत जे पेय होते ते सौम्य असते. माणूस लोळेल असे नव्हे. ते वाढायचे पात्रही पाहण्यासारखे. आल्तार नावाचा लाकडी ओगराळा एकाच ओंडक्यातून कोरून काढतात, आणि त्याच्या दांड्याला घोड्याचे मुंडके कोरतात किंवा एकात एक अडकलेल्या कड्या. त्या कड्यांनाही सांधा नसतो. त्याही त्याच लाकडातून सुट्या केलेल्या.

नवे धान्य घरात आले की चुकलेमे होतो. नव्या पिठाची भाकर, नव्या जवाची बिअर, नातलग बोलावलेले, घरातील ज्येष्ठ पुरुष टोपी डाव्या काखेत धरून, किलकिल्या केलेल्या दाराकडे तोंड करून उभा राहतो आणि तुरा देवाची आळवणी करतो. घरादारासाठी, गुराढोरांसाठी, उरलेल्या धान्यासाठी मागणे मागून झाले की पहिला ओगराळा फिरतो. अठराव्या शतकाच्या मध्याला सरकारने बहुसंख्य चुवाशांना ख्रिस्ती केले, आणि आज गावोगाव चर्चचे घुमट दिसतात; पण दाराकडे तोंड करून उभ्या असलेल्या त्या म्हाताऱ्याला कोणत्या धर्माच्या रकान्यात लिहावे, हा प्रश्न शिरगणती करणाऱ्यांना नेहमी जड गेला असला पाहिजे. काही थोडी गावे तर कधी बाटलीच नाहीत. तेथे मृताच्या नावाने स्मशानात लाकडी खांब पुरतात. पुरुषाचा खांब ओकचा, स्त्रीचा लिंडेनचा. ईस्टरनंतर सातव्या आठवड्यात येणाऱ्या सिमेकला ख्रिस्ती आणि बिगरख्रिस्ती सारेच आपापल्या मृतांच्या भेटीस जातात, अन्नाचे तुकडे ठेवतात, बिअर ओततात, आणि मग तेथेच बसून जेवतात.

ज्या हॉप्सवाचून ही बिअर होत नाही त्या वेलीने चुवाश शेतीला पैशाचे पीक मिळवून दिले. सहा-सात मीटर उंच खांबांवर ताणलेल्या तारांना धरून ती एका उन्हाळ्यात वर चढते. ऑगस्टअखेर तिला हिरव्या, कागदी पाकळ्यांचे बोंडासारखे झुबके येतात, आणि एखादा झुबका बोटांनी उकलला की आत पिवळी, चिकट भुकटी दिसते. साऱ्या कडवटपणाचा आणि वासाचा उगम त्या भुकटीत. तोडणीच्या दिवसांत हात काळे पडतात आणि साबणाला दाद देत नाहीत. सोव्हिएत काळात रशियातील हॉप्सचा बहुतांश माल याच छोट्या प्रदेशातून जाई. प्रजासत्ताकाच्या राजचिन्हावरही ही बोंडे आहेत. 1990 नंतर परदेशी मालाने बाजार व्यापला, सामुदायिक शेती मोडली, आणि उर्मारी, वुर्नारी, त्सिविल्स्क या भागांतील कित्येक मळ्यांत नुसते खांब उभे राहिले. अलीकडे काही मळे पुन्हा हिरवे होऊ लागले आहेत.

जेवणाविषयी थोडक्यात सांगतो. रायची आंबूस भाकर, याश्का नावाचे दाट सूप, मांस आणि बटाटा भरलेली हुप्लू नावाची परातीएवढी मोठी बंद पोळी, आणि सणासाठी राखून ठेवलेले शार्तान. मेंढीच्या जठरात मसाला लावलेले मांस शिवून ते भट्टीत मंद भाजायचे, म्हणजे ते महिनोन् महिने टिकते.

या साऱ्या लपलेल्या संसारात एक अशी वस्तू टिकून राहिली की जिच्यासाठी युरोपातील भाषापंडितांनी या घळींच्या वाटा तुडवल्या. तुर्की भाषाकुलाची फार प्राचीन काळी एक शाखा मूळ खोडापासून फुटली. बल्गार लोकांबरोबर ती व्होल्गेपर्यंत आली. तिच्या इतर सर्व फांद्या वाळल्या आणि एक तेवढी जिवंत राहिली, ती चुवाश. तुर्क, तातार, कझाक यांना एकमेकांचे बोलणे थोडेफार समजते. चुवाश कोणालाच समजत नाही. निकोलाय आश्मारीनने तिच्या कोशाला आयुष्य वाहिले. त्याचे सतरा खंड 1928 ते 1950 या काळात बाहेर पडले, शेवटचे खंड त्याच्या मृत्यूनंतर. पण कोशाच्या आधी लिपी लागते, आणि ती दिली इव्हान याकोव्हलेव्ह या खेड्यातल्या पोरक्या मुलाने. 1868 साली सिंबिर्स्क शहरात स्वतः विद्यार्थी असतानाच त्याने चुवाश मुलांसाठी शाळा काढली, पुढच्या चार-पाच वर्षांत वर्णमाला बसवली, आणि शिक्षक तयार करून गावोगाव पाठवले. त्याला सरकारी शिक्षण-खात्यात ज्या अधिकाऱ्याचे साह्य झाले तो इल्या उल्यानोव्ह, लेनिनचा पिता. या ऋणानुबंधामुळेच 1918 च्या धामधुमीत याकोव्हलेव्हला त्रास होऊ नये म्हणून लेनिनने तार पाठवली होती. त्याच शाळेतील कोन्स्तान्तीन इवानोव्ह या विद्यार्थ्याने अठराव्या वर्षाच्या आतबाहेर 'नार्स्पी' हे काव्य लिहिले, ते 1908 मध्ये छापले गेले. श्रीमंताच्या घरी बळे दिलेल्या मुलीची ती शोकान्त कथा चुवाशांच्या घरोघरी पोहोचली. कवी चोविसाव्या वर्षीच वारला.

विसाव्या शतकाने मात्र गावाचा आडोसा काढून घेतला. 1920 साली स्वायत्त प्रांत, 1925 साली स्वायत्त प्रजासत्ताक अशी प्रतिष्ठा आली. मधल्या 1921 च्या व्होल्गाकाठच्या दुष्काळात बायकांच्या शिरोभूषणांवरची रुप्याची नाणी धान्याच्या मोबदल्यात गेली. नंतर शेते सामुदायिक झाली आणि घोडे तबेल्यात जमा झाले. 1941 च्या ऑक्टोबरअखेर जर्मन सेना मॉस्कोकडे सरकत असताना सुरा नदीच्या काठी आणि काझानच्या वाटेवर खंदक खणण्याचा हुकूम सुटला. पुरुष आघाडीवर, म्हणून गावोगावच्या बायका आणि शाळकरी पोरे पहारी घेऊन निघाली, आणि उणे चाळीस अंशांपर्यंत उतरलेल्या थंडीत, दगडासारख्या गोठलेल्या जमिनीत, जानेवारीपर्यंत खणत राहिली. शत्रू तिथवर पोहोचलाच नाही. म्हणून पुढे कित्येक वर्षे या श्रमाची वार्ता गावाबाहेर गेली नाही. त्याचे स्मारक उभे राहायला 2021 साल उजाडावे लागले.

आणि जिथे निकितीनला गाव दिसले नाही, त्या व्होल्गाकाठापासून जवळच त्सिविल नदीवर शोर्शेली गाव आहे. तेथे 1929 साली शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला, मारीइन्स्की पोसाद येथील वनशाळेत शिकून लाकूडतोडीवर देखरेखीची नोकरी केलेला आंद्रियान निकोलायेव 1962 च्या ऑगस्टमध्ये व्होस्तोक-3 यानातून पृथ्वीभोवती 64 फेऱ्या मारून आला, आणि यानातले त्याचे हसरे चित्र दूरचित्रवाणीवर लाखो घरांत पाहिले गेले. 2004 मध्ये तो वारला; त्याचे दफन शोर्शेलीतच झाले.

आज त्या भागातून जाताना घरांपेक्षा आधी डोळ्यांत भरते ती गल्लीच्या कडेने, फाटकावर कमानीसारखी उचलून नेलेली वायूची पिवळी नळी. घराघरांत चूल वायूवर पेटते. लास पडवीसारखी अडगळीला. विटांची नवी घरे बहुधा मॉस्कोच्या बांधकामांवरून पाळीपाळीने परत येणाऱ्या पुरुषांच्या कमाईची. रस्ता दारापर्यंत आला, तसा त्याच रस्त्याने मुलगा बाहेर गेला, आणि त्याच्याबरोबर भाषाही. 2010 च्या शिरगणतीत दहा लाखांहून अधिक लोकांनी आपल्याला चुवाश येते असे नोंदवले होते. 2021 मध्ये तो आकडा सात लाखांच्या घरात आला. 2018 च्या कायद्यानंतर शाळेत चुवाश शिकायची की नाही हे पालकांच्या मर्जीवर आहे. माझ्या मते यात कायद्यापेक्षा मोठा वाटा त्या आईचा, जिला वाटते की मुलाच्या बोलण्यात खेड्याचा सूर उमटू नये. ज्या भाषेला खानाने, झारने आणि कारकुनाने हात लावला नाही, ती सोडण्याचा निर्णय आता घराच्या आतच होतो, आणि तेथे कोणत्याही घळीचा आडोसा कामास येत नाही. शायमुर्झिनो या खेड्यात 1934 साली जन्मलेला कवी गेन्नादी आयगी स्वतःची कविता बहुतांशी रशियनमध्ये लिही, आणि फ्रेंच, हंगेरियन, पोलिश कवींना मात्र चुवाशमध्ये आणी. त्या उलट्या व्यवहारातील आग्रह समजून घेण्यासारखा आहे.

एवढे होऊनही आकातुय चुकत नाही. नांगराचे लग्न असे या सणाला म्हणतात. पूर्वी तो पेरणीच्या तोंडावर होई. गावात त्या वर्षी आलेल्या नव्या सुनांकडून भरतकाम केलेले पंचे गोळा करून शर्यतीतल्या स्वारांना ते बक्षीस देत. आता पेरणी उरकल्यावर जूनमध्ये, सरकारी व्यासपीठ, ध्वनिक्षेपक आणि तालुक्याच्या प्रमुखाच्या भाषणासह तो साजरा होतो. घोड्यांच्या शर्यती असतात, पंच्याने एकमेकांची कंबर धरून खेळायची कुस्ती असते, आणि शेवटच्या मल्लाला खांद्यावर मेंढा मिळतो. प्रजासत्ताकाबाहेर चारेक लाख चुवाश राहतात. त्यांची मंडळेही मोठ्या शहरांत आकातुय भरवतात. नांगरलेले शेत जवळपास कुठे नसते, पण कुस्ती होते, मेंढाही मिळतो. आणि नवव्या मजल्यावर राहणाऱ्या विजेत्याने त्या जिवंत मेंढ्याचे पुढे काय करायचे, हे त्याचे त्याने पाहायचे असते.